बिल्डरला जीआर, भाडेकरूला विनंती

२०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी फिरत होती, १७ तारखेची, की राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितलंय भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. आम्ही तेव्हा डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये भाड्याने राहत होतो. बायकोच्या ऑफिसने पगार अर्धा केलेला, माझा येत होता पण पुढच्या महिन्यात येईल का हे आमच्या एचआरला पण माहीत नव्हतं. मी ती बातमी जरा भीतभीतच मालकांना फॉरवर्ड केली. काका सज्जन माणूस, आयुष्यभर एका छोट्या कारखान्यात काम केलेलं, रिटायर होताना जे पैसे मिळाले त्यात ही एक जागा घेऊन ठेवलेली. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "वाचलं. पण मला पेन्शन नाही हो, तुमचं भाडं हीच माझी पेन्शन. बघा कसं जमतंय ते." खाली हात जोडलेले.

आम्ही भाडं भरलं. तिन्ही महिने. यात काकांची काही चूक नाही, आमची पण नाही, आणि हेच मला तेव्हापासून खटकतंय, की सरकारने दोन साध्या माणसांना एकमेकांसमोर उभं केलं, एकाला सांगितलं मागू नको, दुसऱ्याला सांगितलं घाबरू नको, आणि स्वतः हळूच बाजूला झालं. त्या सूचनेमागे सरकारचा एक रुपया नव्हता. थकलेलं भाडं नंतर किती हप्त्यांत द्यायचं, मालकाने ऐकलं नाही तर कुठल्या खिडकीवर जायचं, मालकाचंच पोट त्या भाड्यावर असेल तर त्याने काय करायचं, यातलं काहीच नाही. केंद्राने त्याआधी २९ मार्चला काढलेल्या आदेशात पण होतं की कामगारांकडून, स्थलांतरितांकडून महिनाभर भाडं मागू नये. आता दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहणाऱ्या यंत्रमाग कामगारांनी तो आदेश डाउनलोड करून खोलीमालकाला दाखवला असेल आणि मालक "बरं बरं" म्हणून परत गेला असेल असं ज्याला वाटतं त्याने भिवंडीत एक चक्कर मारून यावी. ती पोरं खोल्या सोडून चालत निघाली. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले, ते जालन्याहून चालत निघाले होते. गावाला जायची गाडी मिळेल म्हणून निघाले होते हे खरं, पण जिथे राहत होते तिथे काम नसताना पण टिकून राहता आलं असतं तर एवढ्या घाईने निघाले असते का, हा प्रश्न तेव्हा पण फार कुणी विचारला नाही.

दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी त्याच २९ मार्चला पत्रकार परिषदेत सांगून टाकलं होतं की गरीब भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल. भरलं नाही. पण तिथले लोक निदान कोर्टात गेले आणि जुलै २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्ट म्हणालं की मुख्यमंत्र्यांनी दिलेला शब्द असा हवेत सोडता येणार नाही. पुढे त्या निकालाला स्थगिती मिळाली ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे कोर्टात धरायला शब्द पण नव्हता, "सूचना" होती.

आता दुसरी बाजू बघा. त्याच एप्रिल-मे मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, आदेश काढला की १५ मार्च २०२० नंतर ज्यांची मुदत संपतेय त्या सगळ्या प्रोजेक्टना सहा महिने वाढवून मिळतील. आधी तीन म्हणाले होते, मग १८ मे ला सहा केले. केंद्राने पण तसंच सांगितलं होतं, कोरोना म्हणजे रेरा कायद्यातली दैवी आपत्ती धरा म्हणून. त्या कायद्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी यादी आहे आणि शेवटी "किंवा इतर नैसर्गिक आपत्ती", त्या शेवटच्या शब्दांत हे बसवलं. मी याला चूक म्हणणार नाही. साइट बंद होत्या, मजूर गेलेले, सिमेंटच्या गाड्या अडकलेल्या, बिल्डरने काय स्वतः घमेलं उचलायचं होतं? मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की बिल्डरसाठी सरकारला एका महिन्यात कळलं की माणसाच्या हातात नसलेलं संकट आलं की कराराची तारीख पुढे सरकली पाहिजे, आणि ते नुसतं कळलं नाही तर शिक्क्यानिशी कागदावर आलं. विनंती नाही, सूचना नाही, आदेश. ग्राहकाने मान्य केलं काय आणि नाही केलं काय, तारीख सरकली.

माझ्या मेव्हण्याचा फ्लॅट कल्याण-शीळ रोडला बुक केलेला, ताबा डिसेंबर २०२० ला मिळणार होता. तो जून २०२१ झाला. मग दुसरी लाट आली, ऑगस्टमध्ये महारेराने आणखी सहा महिने दिले, झाला डिसेंबर २०२१. एरवी ताबा लांबला तर रेराच्या कलम १८ खाली बिल्डरने दर महिन्याचं व्याज द्यायचं असतं, स्टेट बँकेचा सर्वात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के, म्हणजे बऱ्यापैकी रक्कम होते. या बारा महिन्यांचं शून्य. बरं, या बारा महिन्यांत मेव्हणा काय करत होता? राहत्या जागेचं भाडं भरत होता आणि जे घर अजून बांधून झालेलं नाही त्याच्या कर्जाचं व्याज पण भरत होता. बिल्डरचं घड्याळ सरकारने थांबवलं, याच्या घड्याळाला कुणी हात लावला नाही.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल मोरॅटोरियम होतं की. होतं. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते न भरायची मुभा दिली होती, आणि टीव्हीवर ते असं सांगत होते जणू सहा महिन्यांचे हप्ते माफच झाले. मी एकदा एक्सेलमध्ये बसून केलेला हिशोब सांगतो. नवीनच घेतलेलं ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८ टक्के, हप्ता साधारण २५,१००. सहा महिने हप्ते थांबवले की व्याज मुद्दलात जाऊन मुद्दल होतं ३१ लाख २२ हजार. दर तोच आणि हप्ता तोच ठेवला तर पुढे २४० च्या ऐवजी २६६ हप्ते भरायला लागतात. सहा हप्ते आत्ता थांबवण्याची किंमत शेवटी सव्वीस हप्ते, साडेसहा लाख. आणि मग "व्याजावर व्याज" प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, महिनोन्‌महिने चाललं, चॅनेलवर चर्चा, सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी योजना आणली, नोव्हेंबर २०२० मध्ये पैसे खात्यात आले. या ३० लाखांच्या कर्जात ते व्याजावरचं व्याज किती होतं माहितेय? दोन हजार रुपये. वर वीस. मूळ व्याज १ लाख २० हजार, ते कुणी माफ करा म्हटलं तर बँका बुडतील, ठेवीदारांचं काय, वगैरे, आणि ते काही अगदीच खोटं नाही, मला पण ठेवीवर व्याज हवंच असतं. पण मग ही सवलत होती असं म्हणू नका ना. ते अजून एक कर्ज होतं, फॉर्म न भरता मिळालेलं.

तर बाजार. एप्रिल २०२० मध्ये एचडीएफसीचे तेव्हाचे अध्यक्ष दीपक पारेख बिल्डरांच्या संघटनेच्या वेबिनारमध्ये म्हणाले होते की किमती २० टक्के पडायची तयारी ठेवा. जूनमध्ये केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी बिल्डरांना तोंडावर सांगितलं की सरकार तुम्हाला माल धरून बसायला पैसे देईल आणि तुम्ही बाजार सुधारायची वाट बघाल असं समजू नका, विकून मोकळे व्हा. मी तेव्हा खूष. आमच्यासारखे भाडेकरू आयुष्यात एकदाच अशी बातमी वाचतात. बायकोला म्हणलं थांबू, वर्षभरात आपल्या बजेटमध्ये येईल. आज पण ती अधूनमधून आठवण करून देते.

किमती पडल्या नाहीत. मुंबईत एप्रिल २०२० मध्ये घरखरेदीचा एकही दस्त नोंदला गेला नाही, अक्षरशः शून्य, आणि तरी भाव जागचे हलले नाहीत. जगात कुठेही माल विकला जात नसेल तर भाव उतरतो, आपली कांद्याची गाडी वाशीला अडकली तर दुसऱ्या दिवशी शेतकरी मिळेल त्या भावाला देऊन टाकतो. फ्लॅटला तसं होत नाही, कारण फ्लॅट सडत नाही, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे सरकारच त्याच्या खाली पाट ठेवून बसलेलं असतं. त्या पाटाचं नाव रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर. तुम्ही बिल्डरकडून ७० लाखांचं घर घासाघीस करून ५५ ला घेतलं तरी स्टॅम्प ड्युटी करारातली रक्कम आणि रेडी रेकनरची रक्कम यातली जी जास्त तिच्यावर लागते, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला की इन्कम टॅक्सवाले म्हणतात हा फरक म्हणजे तुमचं उत्पन्नच आहे, विकणाऱ्याचं पण आणि घेणाऱ्याचं पण. म्हणजे मंत्री सांगतायत स्वस्तात विका आणि त्यांच्याच सरकारचा कायदा सांगतोय स्वस्तात विकलंत तर दंड. ती मर्यादा १० ची २० टक्के केली १२ नोव्हेंबर २०२० ला, ती पण थोड्या महिन्यांपुरती, दोन कोटींच्या आतल्या नव्या घरांपुरती. तोपर्यंत दसरा होऊन गेला होता आणि दिवाळी दोन दिवसांवर होती, बाजार पुन्हा उभा राहत होता.

आणि राज्याने? २६ ऑगस्टला मंत्रिमंडळाने स्टॅम्प ड्युटी कमी करायचं ठरवलं. मुंबईत ५ ची २ टक्के, १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, मग मार्चअखेरपर्यंत ३ टक्के. सगळीकडे वाहवा. ती सुरू झाल्यावर बारा दिवस पण झाले नाहीत तर १२ सप्टेंबरपासून नवे रेडी रेकनर दर, राज्यात सरासरी १.७४ टक्के वाढ. मुंबईत अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरवले, पुण्यात ३.९१ टक्के वाढवले. उभं जग म्हणतंय मंदी आहे, आणि पुण्यात सरकारी कागदावर घर महागलं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पाट वर उचलायचा.

स्टॅम्प ड्युटी कमी केली ते वाईट केलं असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या वर दस्त नोंदले गेले, शून्यावरून इथपर्यंत, त्यातून बांधकामं चालू झाली, प्लंबर, सुतार, टाइल्सवाले यांच्या हाताला काम लागलं, तिजोरीत चार पैसे आले. सरकारची तिजोरी तेव्हा रिकामीच होती, हे मान्यच करायला पाहिजे. पण ही सवलत कुणाला मिळाली ते बघा. तीन टक्के म्हणजे ५० लाखांच्या घराला दीड लाख आणि वरळीतल्या २० कोटींच्या फ्लॅटला ६० लाख. ज्याच्याकडे महामारीच्या ऐन मध्यावर डाउन पेमेंटला पैसे होते त्यालाच. ज्याचा पगार अर्धा झाला, ज्याचं दुकान बंद होतं, जो भाड्याने राहत होता, त्याला या सवलतीत जागाच नव्हती. भाडेकरार करताना पण आपण स्टॅम्प ड्युटी भरतोच, एकूण भाड्याच्या पाव टक्का, वर शहरात हजार रुपये नोंदणी फी, वर ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं. रक्कम फुटकळ आहे, ती माफ केली असती तरी सरकारचं फार काही गेलं नसतं. पण माफ करायचं सुचण्यासाठी भाडेकरू डोळ्यासमोर यायला लागतो.

माझ्या एका मित्राने ठाण्यात ६५ लाखांचं घर घेतलं, ३१ डिसेंबरची तारीख गाठायची म्हणून. मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. दुय्यम निबंधक कार्यालय म्हणजे दोन खोल्या, त्यात शंभरेक माणसं, मास्क हनुवटीवर, सर्व्हर डाऊन, टोकन नंबर ओरडून सांगणारा एजंट, अंगठ्याचं ते काचेचं मशीन जे सकाळपासून प्रत्येकाने दाबलेलं आणि शेजारी सॅनिटायझरची रिकामी बाटली. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा असलेल्या दिवसांत हे चालू होतं. ड्युटी आधी भरून नोंदणी चार महिन्यांत कधीही करता येते, सरकार सांगत पण होतं, पण लोकांचा विश्वास कुठाय, उद्या सांगतील नियम बदलला. पाच तास उभे होतो. मित्र म्हणाला, "दोन लाख वाचले रे, पाच तास काय." बरोबर होतं त्याचं.

पुढचं पण सांगतो. त्याला कर्ज मिळालं पावणेसात टक्क्यांच्या आसपास, फ्लोटिंग, तेव्हा बँका तेच फलक लावून बसल्या होत्या. मे २०२२ पासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, चढायला लागला तो ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. ५० लाखांच्या कर्जाला अडीच टक्के वाढ म्हणजे हप्त्यात ढोबळमानाने साडेसात हजारांचा फरक. स्टॅम्प ड्युटीत वाचलेले १ लाख ९५ हजार दोन-सव्वादोन वर्षांत बँकेकडे जमा. घर मात्र त्याचं झालं, आणि त्याचे भाव आता पार वर गेलेत, म्हणजे तो फायद्यातच आहे. मी थांबलो, मी चुकलो. सल्ला म्हणून बघितलं तर "२०२० मध्ये घ्यायला पाहिजे होतं" हाच धडा निघतो आणि मला तोच धडा चीड आणतो, कारण याचा अर्थ असा की संकटात ज्याच्याकडे होतं त्याला अजून मिळालं आणि ज्याच्याकडे नव्हतं त्याला सांगितलं, अरे तेव्हाच घ्यायचं ना.

जानेवारी २०२१ मध्ये पारेख यांच्याच समितीच्या शिफारशीवर बांधकाम प्रीमियम, म्हणजे बांधकामाच्या परवानग्यांसाठी बिल्डर सरकारला भरतो ते शुल्क, निम्मे केले, वर्षअखेरपर्यंत. विरोधी पक्षनेते म्हणून फडणवीसांनी त्याआधीच पत्र लिहून विरोध केला होता की हे ठरावीक लोकांच्या फायद्याचं आहे. सरकारने मग अट घातली, सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाची स्टॅम्प ड्युटी स्वतः भरायची. ऐकायला छान. पण ज्या वस्तूची किंमत विकणारा स्वतःच ठरवतो तिच्यात "कर आम्ही भरू" याला काय अर्थ असतो? कापड दुकानात "सेलवर शिलाई फुकट" लिहिलेलं असतं ना, तसं. आणि गंमत म्हणजे पक्ष कुठलाही असो, तेव्हा जे विरोधात होते ते सत्तेत आले, जे सत्तेत होते ते विरोधात गेले, आणि घर म्हटलं की मंत्रालयातल्या मीटिंगला कोण बसतं ते काही बदललं नाही. त्या मीटिंगमध्ये बिल्डरांच्या दोन-तीन संघटना असतात, बँकवाले असतात. भाडेकरूंची संघटना म्हणाल तर पागडीवाल्यांची आहे. अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवाल्यांची मी तरी बघितली नाही, आमची मीटिंग होणार कधी, दर वर्षी तर पत्ता बदलतो.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती. जुलै २०२० च्या शेवटी मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी केलेल्या सेरो सर्व्हेचे आकडे आले. तीन वॉर्ड, साधारण सात हजार रक्ताचे नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या आणि झोपडपट्टीबाहेर १६ टक्के. शहर तेच, वॉर्ड तेच, रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. कारण पण तिथेच सांगितलेलं, दाटी आणि सामायिक संडास. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या हातात, स्वतः सामील होऊन केलेल्या पाहणीचा कागद होता ज्याच्यावर लिहिलं होतं की हा आजार घराचा आहे. दोन हात लांब राहा हे सांगायला खोली दोन हातांपेक्षा मोठी लागते. होम क्वारंटाइनच्या नियमात स्वतंत्र हवेशीर खोली, शक्यतो वेगळा संडास असं लिहिलेलं होतं, ते वाचून बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांतल्या माणसाने काय करायचं? "माझे कुटुंब माझी जबाबदारी" ठीक आहे, घेतली जबाबदारी, पण पॉझिटिव्ह आलेल्या आईला ठेवू कुठे, माळ्यावर? मे २०२१ मध्ये सरकारलाच १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करून लोकांना कोविड सेंटरला न्यायचा निर्णय घ्यावा लागला. ज्या गोष्टीला घर म्हणतो ती आयसोलेशनपुरती पण पुरत नाही, याची कबुलीच होती ती.

आणि त्या सेरो सर्व्हेनंतर महिन्याभरात राज्याचा घराबद्दलचा सगळ्यात मोठा निर्णय कोणता आला? २६ ऑगस्टचा. स्टॅम्प ड्युटी. आजार सांगत होता की लोक कसे राहतात ते बघा, सरकार बघत होतं की घरं किती विकली जातात. मला दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहाव्याशा वाटतात. आपल्याकडे गृहनिर्माण म्हणजे दस्त. घर विकलं गेलं तर त्याची नोंद होते, त्यावर कर मिळतो, त्याचा आलेख निघतो, मंत्री ट्वीट करतात. घरात माणूस राहतो याची नोंदच नाही.

असं नाही की काही करता आलं नसतं. आपल्या राज्यात भाडेकरार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे, जबाबदारी मालकावर, नोंदणी ऑनलाइन होते, आधार, फोटो, अंगठा, भाड्याची रक्कम, पत्ता, मुदत, सगळं सरकारच्या कॉम्प्युटरवर आहे. कुणाच्या दारात न जाता, कुठलाही सर्व्हे न करता, एका ठरावीक रकमेच्या आतल्या भाड्याचे करार काढून तीन महिन्यांचं निम्मं भाडं थेट मालकांच्या खात्यात टाकता आलं असतं, भाडेकरूने उरलेलं निम्मं द्यायचं, तेवढ्या काळात घर खाली करायला सांगायचं नाही ही अट. आमच्या काकांना पेन्शन मिळाली असती, आम्हाला श्वास. पैसे कुठून, असं विचाराल तर जिथून २० कोटींच्या फ्लॅटचे ६० लाख सोडले तिथून, निदान वरच्या किमतीला मर्यादा घातली असती तरी काही सुटले असते. यात एक मोठं भगदाड आहे ते मलाही दिसतं, झोपडपट्टीत आणि चाळीत पोटभाडेकरूंचे करारच नसतात, सगळं तोंडी, त्यांना हे पोचलं नसतं. पण जिथे कागद आहे तिथे सुरुवात केली असती तर कागद करायला लोक आपणहून आले असते. आत्ता मालक कागद टाळतो कारण कागदाने त्याला कर सोडून काही मिळत नाही.

केंद्राने एक कल्पना चांगली काढली होती, परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची, ८ जुलै २०२० ला मंजूर झाली, सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली लाखभर घरं कामगारांना भाड्याने द्यायची. त्यातली प्रत्यक्ष काही हजारच वापरात आली. योजना मेली का तर मेली नाही, पण तिचं नाव तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? आणि रिकामी घरं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं बंद होती. एकीकडे ४ लाख ८० हजार कुलपं आणि दुसरीकडे ५७ टक्के. या दोन आकड्यांची गाठ घालून देणं हे कुठल्याच खात्याचं काम नाही, महसूलचं नाही, गृहनिर्माणचं नाही, आरोग्यचं तर नाहीच नाही.

पुनर्विकासात अडकलेल्यांचं तर वेगळंच. जुनी चाळ पाडली, बिल्डर दर महिन्याला भाडं देणार, नवीन इमारत झाली की परत या. लॉकडाऊन लागला आणि कितीतरी ठिकाणी ते भाडं यायचं बंद झालं. आमच्या ओळखीतल्या एका मावशींना बिल्डरच्या ऑफिसने सांगितलं की कोरोना आहे, आम्हाला मुदतवाढ मिळालीय. मुदतवाढ बांधकामाला असते, मावशींच्या भाड्याला कशी असेल? पण कुणाला विचारणार, ऑफिसच बंद. गोरेगावच्या पत्रा चाळीची ६७२ कुटुंबं तर कोरोनाच्या कितीतरी आधीपासून घराबाहेर होती, भाडं पण थकलेलं, त्यांना लॉकडाऊनमध्ये "घरी राहा" ऐकताना काय वाटत असेल.

लोक चिडले होते का? होते. पण आपली चीड दूध, भाजी, हॉस्पिटलचं बिल, शाळेची फी यावर निघते, घरावर निघत नाही, कारण घर हा आपण नशिबाचा भाग मानतो. "घ्यायला जमलं", "नाही जमलं". फीसाठी पालकांनी मोर्चे काढले, वीजबिलासाठी काढले, जून-जुलैमध्ये वाढीव बिलांवरून केवढा गदारोळ झाला. भाड्यासाठी एक मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. भाडेकरूला लाज वाटते हो. भाडं थकलं हे तो शेजाऱ्याला पण सांगत नाही, पत्रकाराला कुठून सांगणार. आणि निम्म्या शहराला वाटत असतं की आपण भाडेकरू तात्पुरते आहोत, एक दिवस मालक होणार, मग भाडेकरूंच्या बाजूने कशाला बोला. मी पण तसाच होतो, २० टक्क्यांची वाट बघत.

१ एप्रिल २०२१ ला ड्युटी परत ५ टक्क्यांवर गेली, पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपासून मेट्रोचा अधिभार लागून मुंबईत ६ झाली. आमचं अ‍ॅग्रीमेंट त्याच मधल्या काळात, २०२१ च्या जूनमध्ये संपलं. काकांनी भाडं वाढवलं नाही, स्वतःहून म्हणाले राहू दे या वर्षी. ब्रोकर नवीन करार टाइप करून घेऊन आला, मी सवयीने वाचत होतो तर अकराव्या पानावर एक नवीन कलम. महामारी, लॉकडाऊन, संचारबंदी, नोकरी जाणे किंवा अन्य कोणतेही कारण असले तरी लायसन्सीला (म्हणजे भाडेकरूला) मासिक रक्कम थांबवता, कमी करता वा पुढे ढकलता येणार नाही. मी ब्रोकरला विचारलं हे कधीपासून. तो म्हणाला, "आता सगळ्यांमध्येच टाकतो साहेब, फॉरमॅटच आलाय." काकांना माहीत पण नव्हतं, त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काढायचं का?" ब्रोकर म्हणाला प्रिंट झालंय, परत पाचशे लागतील.

मी सही केली.